निर्वाहाचे अन्य साधन

ओट्यावर डबा ठेवल्याचा आवाज आला आणि माझ्या हातातली पाळण्याची दोरी थांबली. रिकामा डबा ठेवला की तो खणकन वाजतो. हा वाजलाच नाही, नुसता ठप् करून बसला. म्हणजे आत पोळीभाजी तशीच होती.

दुपारचे दोन वाजले होते. छोटा नुकताच झोपला होता. कमल जमिनीवर पालथी पडून चिंचोके मांडत होती आणि पलीकडच्या खोलीत माझे सासरे, नानासाहेब, वामकुक्षी घेत होते. घरात अशी शांतता आठवड्यातून एखाद्या वेळी मिळते, आणि ती मिळाली की मी फडताळातून दौत काढते. आज दौत काढली होती, पण टाक अजून बुडवला नव्हता.

"कारखान्याचा भोंगा तर पाचला होतो," मी म्हटलं. "तुम्हाला बरं नाही का?"

"बरा आहे."

"मग डबा?"

"भूक नव्हती." ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली. महत्त्वाचा कागद असला की तो ते टोपीत ठेवतात. घडी उलगडून त्यांनी माझ्यापुढे धरली, पण कागद इंग्रजीत होता आणि माझी मजल मराठी चौथीपर्यंतची. तेव्हा त्यांनीच सांगितलं. मंदीमुळे रेल्वेच्या कारखान्यातून माणसं कमी करायची आहेत. चाळीस जणांची यादी लागली आहे. ज्यांना निर्वाहाचं अन्य साधन आहे, त्यांना आधी घरी पाठवायचं, म्हणजे बाकीच्या गरिबांच्या पोटावर पाय येणार नाही. साहेबाने फार विचार करून हा नियम काढलाय म्हणे.

"चांगला आहे की नियम," मी म्हटलं. "आपलं काय त्यात?"

"सातवं नाव माझं आहे."

मला हसूच आलं. "आपल्याला कुठलं आलंय अन्य साधन?"

"लक्ष्मी तालाकाठची बाग," हे खाली बघत म्हणाले. "दतियाच्या रस्त्यावरची इनाम जमीन. आणि वाड्याचं भाडं."

"कोणी सांगितलं असलं?"

"पुस्तकात छापलंय."

तेव्हा माझं हसू गेलं. कारण पुस्तकातला तो मजकूर माझ्या हातचा होता.

हे पुस्तक म्हणजे 'झाशीतील दक्षिणी कुटुंबांचा परिचय'. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मंडळाने छापील तक्ते पाठवले होते. इकडे उत्तरेत येऊन राहिलेल्या मराठी घरांची सांपत्तिक स्थिती काय आहे, कोण कोणत्या कामाला लागलंय, कोण बेकार आहे, हे त्यांना हवं होतं, म्हणजे गरजू घरांतल्या मुलांना शिक्षणासाठी मदत देता आली असती. आमच्या समाजाचे अध्यक्ष अनंतराव दफ्तरदार यांनी तक्ते भरून घेण्याचं मनावर घेतलं. तहसिलीत नकला करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, पण आता नजर अधू झाली होती. कोणीतरी म्हणालं, पोतनिसांच्या सुनेचं अक्षर मोत्यासारखं आहे. अशी मी त्या कामाला लागले. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता. लग्न होऊन आल्यापासून माझ्या पोळीला, माझ्या वरणाला नावं ठेवून झाली होती. अक्षराचं कौतुक पहिल्यांदाच कानावर येत होतं.

तक्त्यात रकाने होते: नाव, मूळ गाव, घराणे, व्यवसाय, स्थावर. तेवीस घरं मी फिरले. कडेवर कमल, काखेत तक्ते. 'व्यवसाय' ह्या रकान्याशी आलं की प्रत्येक घरात तोच प्रकार. घरातले पुरुष घसा साफ करायचे, बायका आत जायच्या.

शिवाजीराव मालधक्क्यावर पोती मोजतात. त्यांनी सांगितलं, "लिहा वहिनी, हत्तीखान्याचे वंशपरंपरागत दरोगे."

"हत्ती कुठायत पण?" मी भीत भीत विचारलं.

"हत्ती गेले हो. दरोगेपणा गेला असं कुठे लिहिलंय?"

ते बरोबरच होतं. रकान्यात केव्हाचं ते कोणी विचारलं नव्हतं. अनंतरावांनी स्वतःपुढे 'राजदफ्तराचे संरक्षक' घातलं आणि त्यांच्या मुलापुढे, दत्तात्रेयापुढे, 'वकिलीचा अभ्यास चालू'. आमच्या घरची पाळी आली तेव्हा नानासाहेब डोळे मिटून तक्क्याला टेकले आणि त्यांनी अर्धा तास मजकूर सांगितला. बाग होती, खरी होती. सत्तावन्न सालच्या बंडात जप्त झाली. जमीनही त्याच साली गेली. वाडा पुढे पणजेसासऱ्यांनी विकला, आणि आज दतिया गेटाजवळच्या ज्या दोन खोल्यांत आम्ही राहतो त्यांचं भाडं आम्हीच देतो. 'वाड्याचं भाडं' हे शब्द म्हणून खोटे नव्हते, फक्त पैसे उलट्या दिशेला जात होते.

"आणि चिरंजीव मधुसूदन?" मी विचारलं. हे बॉयलरच्या खात्यात फिटर आहेत. तापल्या पत्र्याला रिव्हेट ठोकतात.

"यंत्रविभागातील अधिकारी," नानासाहेब म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नखं बघत होते. मी लिहिलं. 'अधिकारी'तला 'धि' तर इतका छान आला की मी जरा लांब धरून बघितला.

पुढे पुण्याहून उत्तर आलं. आपल्या समाजाची भरभराट पाहून मंडळास अतिशय समाधान वाटले, मदतीची गरज नसल्याचे दिसून येते, तरी आपणच आमच्या निधीस यथाशक्ती देणगी पाठवावी. अनंतरावांनी ते पत्र गणेशोत्सवात वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग वर्गणी काढून पुस्तक छापलं आणि एक प्रत, जरीच्या दोऱ्याने बांधून, नारळासकट, अनंतराव स्वतः कारखान्याच्या साहेबाला देऊन आले, का, तर आपल्या हाताखाली कोणत्या घराण्यांतली माणसं आहेत ते त्याला कळावं. साहेबाने नारळ टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवून घेतला, आणि पुस्तक हेडक्लार्ककडून इंग्रजीत करून घेतलं. ते इतकं नीट वाचलं जाईल असं आमच्यापैकी कोणालाही वाटलं नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"सोमवारपर्यंत वेळ आहे. समाजातल्या कोणा प्रतिष्ठित ज्येष्ठ माणसानं लिहून द्यायचं की ह्याला पगाराशिवाय दुसरं काही नाही. घरचं माणूस चालत नाही. दिलं तर नाव काढतील. नाही तर पहिल्या तारखेपासून..." ते थांबले, कारण कमलने चिंचोके मांडायचं थांबवून मान वर केली होती.

नानासाहेब जागे होतेच. आतून आवाज आला, "जाऊ दे ती नोकरी. पोतनिसांनी ह्याआधीही नोकऱ्या सोडल्या आहेत."

"केव्हा हो?" मी विचारलं.

"सत्तावन्न साली."

त्यानंतर पोतनिसांना मिळालेली पहिली नोकरी ही ह्यांचीच होती. मधल्या तीन पिढ्या योग्य जागेची वाट बघण्यात गेल्या.

मी ह्यांचा हात ओढून घेतला आणि नेहमीसारखी लिंबाची फोड घेऊन नखं घासायला बसले. हे रोज धोतर, लांब कोट, टोपी अशा वेषात घरून निघतात. प्रेमनगरला हरप्रसाद मिस्त्रीचं घर आहे. तिथे कोट खुंटीला लावायचा, निळे कपडे चढवायचे आणि कारखान्यात जायचं. संध्याकाळी उलट. गल्लीत सगळ्यांना वाटतं हे कचेरीत आहेत, निदान वाटतं असं सगळे दाखवतात. नखांतला काळा रंग मात्र लिंबाने कधीच पुरता जात नाही.

त्या संध्याकाळी आम्ही अनंतरावांकडे गेलो. हे बैठकीत बसले, मी आत प्रेमलाकडे. प्रेमला त्यांची सून, दत्तात्रेयाची बायको. मधे नुसता पडदा, त्यामुळे ऐकू सगळं येत होतं.

"या या पोतनीस! प्रेमला, चहा ठेव गं. साखर जरा सढळ हातानं."

प्रेमलाने माझ्याकडे न बघता देवघरातला वाडगा खाली घेतला आणि त्यातले दोन बत्तासे वरवंट्याखाली हळूच, आवाज न करता फोडून चहात टाकले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

बाहेर ह्यांनी सगळं सांगितलं.

"मधुसूदन," अनंतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता, "अरे, तुझ्या खापरपणजोबांच्या शिक्क्याशिवाय इथल्या तिजोरीतून एक कवडी हलत नव्हती. त्या घराला निर्वाह नाही असं मी लिहू? ह्या हातानं?"

"खरं तेच लिहायचंय काका."

"खरं आहे म्हणून तर लिहवत नाही. तू दुसरं काहीही माग. साहेबाकडे शिष्टमंडळ नेऊ. गणपतीत तुझा सत्कार करू."

"नोकरी गेल्याबद्दल?"

"त्याग म्हणून!"

परतताना हे सायकल हातात धरून चालत होते. मी म्हटलं, "शिवाजीरावांना विचारूया." शिवाजीराव तर दारातच म्हणाले, "वहिनी, तुमच्या बागेला मी खोटं म्हटलं की उद्या लोक माझे हत्ती मोजायला येतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरप्रसाद मिस्त्री आला. तो आला की पायरीवरच बसतो, आत या म्हटलं तरी येत नाही. ह्यांना काम त्यानेच शिकवलं. रिव्हेट लाल असताना मारायची की केशरी झाल्यावर, हे त्याने ह्यांना हात धरून दाखवलं, आणि पहिल्या महिन्यात ह्यांच्या हाताला फोड आले तेव्हा ह्यांच्या वाटचंही तोच ठोकायचा. कमलने त्याला गूळपाणी नेऊन दिलं.

"काए बिटिया, बाबा रिसाने हैं?" त्याने तिला विचारलं. बाबा रुसलेत का, म्हणून.

"बाबा रुसे नईं," कमल म्हणाली. तिची मराठी अशीच असते, अर्धी गल्लीतली. "बाबांचं नाव लिस्टमध्ये आलंय."

"और भैया, आपको नाम?" मी आतून विचारलं.

"हमाओ नाम काए आहै, बहू?" तो हसला. "अठारा बरस हो गए. हमाए बिना उनको बायलर सीटी नईं मारत." मग तो गंभीर झाला आणि म्हणाला, कोणाची तरी सही घ्या, पाया पडा, भांडा, पण घ्या. इतका चांगला हात ह्या खात्यात दुसरा नाही, पाच वर्षं लागलीत मला तो बनवायला.

बारा वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याच्या कामाची स्तुती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ती लिहायला मात्र कुठल्या तक्त्यात रकाना नव्हता.

शुक्रवारी आम्ही बायका लक्ष्मी तालावर महालक्ष्मीला जातो. तलावाच्या पायऱ्यांवर प्रेमला माझ्याशेजारी येऊन बसली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "दुर्गा, ह्यांचंही नाव आहे यादीत."

"कोणाचं? दत्तात्रेयांचं? ते तर वकिलीचा..."

"डबे रंगवतात," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. गाडीच्या डब्यांवर आकडे काढतात. मामंजींना वाटतं कचेरीत उमेदवारी करतात. यादीत नाव का, तर राजदफ्तराचं संरक्षण करतो आपण, त्याचं मानधन येत असेल म्हणे. काल ह्यांनी तुमच्या नानासाहेबांना देवळात गाठलं होतं सहीसाठी."

"मग?"

"म्हणाले, दफ्तरदारांना कंगाल लिहिण्याआधी माझी बोटं झडोत."

दोन घरं एकमेकांचा इतका मान राखत होती की दोन्ही घरांच्या चुली त्या मानापायी विझणार होत्या. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी पुस्तकात कोणाचं नाव आधी छापायचं ह्यावरून हेच दोघे म्हातारे चार महिने बोलत नव्हते.

"प्रेमला," मी म्हटलं, "मान राखून सही मिळत नाही. मान दुखावून मिळेल का?"

तिने तोंडावरचा पदर खाली घेतला आणि मग देवीच्या दारात, देवीला पाठ करून, आम्ही दोघींनी ठरवलं.

शनिवारी सकाळी मी नानासाहेबांपुढे चहा ठेवला आणि तिथेच घुटमळले.

"काय गं?"

"काही नाही. अनंतरावांनी लिहून दिलं म्हणे ह्यांच्यासाठी. प्रेमला म्हणत होती."

"काय लिहून दिलं?"

"की पोतनिसांकडे काही नाही म्हणून. पगार थांबला तर दुसऱ्या दिवशी चूल पेटायची नाही, असं."

कप बशीत परत गेला. "अनंता असं म्हणाला? ज्याचा पोरगा डब्यांना रंग फासतो, तो पोतनिसांच्या चुलीत डोकावतो?"

मी चकित झाले. "दत्तात्रेय डबे रंगवतात, हेही तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं, दुर्गे. ते लिहायचं नसतं." ते ताडकन उठून बसले. "पण आता लिहायचं. आण दौत."

तासभर ते सांगत होते आणि मी लिहीत होते. दफ्तरदारांच्या घरी चहाला साखर नसते, देवापुढचे बत्तासे कुटतात. बैठकीतल्या गालिच्याला खालून भोक आहे म्हणून त्यावर चौरंग ठेवलाय. दिवाळीला जावयाला दिलेला शेला जावयानेच आदल्या वर्षी दिलेला होता. प्रत्येक वाक्याला त्यांचा आवाज चढत होता, गालांवर रंग येत होता. इतका अचूक मजकूर मी आयुष्यात लिहिला नव्हता. खाली त्यांनी पोतनिसांच्या जुन्या वळणाची, तीन फराट्यांची सही केली.

त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे प्रेमला अनंतरावांपुढे चहा ठेवून अशीच घुटमळत होती.

संध्याकाळी तिने आमचा कागद मला आणून दिला. अनंतरावांनी अधू नजरेने स्वतः लिहिलेला, ओळी वरखाली गेलेल्या. मी तो चुलीच्या उजेडात वाचला. पोतनिसांकडे कोट एकच, तो बाप आणि मुलगा आलटूनपालटून घालतात. नानासाहेब एकादशी महिन्यातून चार वेळा करतात. इथपर्यंत मला हसू येत होतं. मग पुढे होतं: 'सून सर्वांच्या मागून जेवते, आणि जेवली असे सांगते.'

मी कागद घडी करून ठेवला. ह्या घरात येऊन मला बारा वर्षं झाली. इतक्या बारकाईने माझ्याकडे कोणी पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि पाहिलं ते त्या माणसाने, जो मला दर वेळी 'सौभाग्यवती पोतनीस, सुखी ना?' एवढंच विचारायचा. तो कागद ह्यांना दाखवावा की नाही, तेही मला कळेना. शेवटी तसाच त्यांच्या टोपीत ठेवला.

सोमवारी दोन्ही कागद गेले. साहेबाने ते हेडक्लार्ककडून वाचून घेतले आणि बत्ताशांपाशी आल्यावर म्हणे खिडकीबाहेर बघितलं. बुधवारी यादीतून दोन्ही नावं निघाली.

नानासाहेब आणि अनंतराव एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघंही पूर्वीपेक्षा तरतरीत दिसतात. समाजात बातमी पसरायला एक दिवस पुरला. पावसाळ्यानंतर दुसरी यादी लागणार अशीही बोलवा होती. गुरुवारी शिवाजीराव आमच्या दारात हजर.

"वहिनी, पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं चाललंय. तुम्हीच लिहिणार ना?"

"अजून कोणी म्हणालं नाही मला."

"म्हणतील. एवढं करा, आमच्यापुढचे हत्ती काढा. आणि 'गरीब' लिहाल तेव्हा आधी 'अत्यंत' लावा. पलीकडच्यांनी नुसतं 'गरीब' सांगितलंय, तेव्हा आमचं वेगळं दिसलं पाहिजे."

तीन दिवसांत सोळा घरांनी मला गाठलं. कोणी आपली विकलेली शेतं आठवून दिली, कोणी बुडालेली. ज्यांनी कधी काळी आजोबांची पालखी लिहायला लावली होती, त्यांनी आता पालखी कशी गेली तेही लिहा म्हणून सांगितलं, आणि तीही त्यांना इतरांपेक्षा मोठीच हवी होती. मी हो हो म्हणत होते. घरात हे पुन्हा वेळेवर जात होते, डबा रिकामा येत होता, आणि ह्यांनी आता निळे कपडे घरूनच घालून जायला सुरुवात केली होती. पहिल्या दिवशी गल्ली ओलांडेपर्यंत मी खिडकीत उभी होते. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी कोपऱ्यावर त्यांची पाठ जरा ताठ झाली, आणि मला, काय सांगू, लग्नाच्या वेळी दिसले होते त्याहून ते देखणे दिसले.

पण आनंदात मात्र ते नव्हते. शनिवारी जेवताना मी विचारलं तेव्हा म्हणाले, "यादी चाळीसाचीच राहायची आहे, दुर्गा. वरून हुकूम तसा आहे. दोन नावं निघाली की दोन घालायची."

"मग कोणाची घातली?"

त्यांनी भाताचा घास तसाच ठेवला. "एक गेटवरचा कोणी आहे. आणि हरप्रसाद."

"अहो, पण अठरा वर्षं..."

"गावी पाच बिघे जमीन आहे त्याची. निर्वाहाचं अन्य साधन."

कमल तिच्या ताटातल्या भाताचे डोंगर करत होती.

रविवारी सकाळी हरप्रसाद आला. पायरीवर बसला. त्याच्या हातात घडी घातलेला ह्यांचा जुना कोट होता, जो इतकी वर्षं त्याच्या खुंटीवर दिवस काढायचा आणि हे निळ्या कपड्यांतच घरी आले त्या संध्याकाळी तिथेच राहिला होता. हे त्याच्यासमोर उभेच राहिले, बसवेना त्यांना.

"लो भैया, तुमाओ कोट. हम तो कल गाँव जात हैं."

"उस्ताद, मैं साहब से..."

"ऐ पगला." त्याने ह्यांच्या पोटरीवर थाप मारली. "पाँच बीघा पथरा हैं, बेई बीनहैं." पाच बिघे दगड आहेत, तेच वेचू. "तुम तो बस रिवेट केसरिया होन दियो, लाल पे नईं मारियो."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो नखाएवढाही रागावला नव्हता. जाताना कमलच्या डोक्यावर हात ठेवून गेला. हे कोट हातात घेऊन आत गेले.

आज दुपारी छोटा झोपल्यावर मी दौत काढली. सोमवारची मुदत कधीच उलटून गेली आहे, मला ठाऊक आहे. तरी मी लिहायला बसले, हिंदीत, जमेल तसं. श्रीमान साहेब बहादुर, हरप्रसाद मिस्त्रीची जमीन पाच बिघे खडकाळ आहे, तीत भावाचा अर्धा हिस्सा आहे, विहीर नाही. प्रतिष्ठित ज्येष्ठ माणूस मला त्याच्या बाजूने कोणी माहीत नाही. त्याचं नाव छापलेलं एकही पुस्तक नाही, खोटंदेखील नाही. पण बत्ताशांनी साहेब विरघळला होता, तर विहिरीनेही विरघळेल, असा माझा हिशेब.

कमल येऊन माझ्या गुडघ्याला टेकली. तिला अजून वाचता येत नाही, पण कागदावर बोट ठेवून विचारायची सवय आहे.

"ह्ये काय लिहितेस?"

"हरप्रसादकाकांचं नाव यादीतून काढायचा कागद."

"जैसे बाबांचं काढलं?"

"तसंच."

तिने कागदाकडे बघितलं, मग बाहेर, जिथे ह्यांचे धुतलेले निळे कपडे दोरीवर वाळत होते तिकडे. मग तिने माझ्या मनगटावर हात ठेवला, म्हणजे टाक हलू नये.

"आई, मग काकांच्या जागी कोणाचं नाव घालायचं?"